पॉपलरचे तुरुंगवासी नगरसेवक

नगरपालिकेच्या निवडणुकीमागील अर्थकारण समजून घ्यावयाचे असेल तर पूर्व लंडनमधील पॉपलर या गोदी-कामगारांच्या बरोकडे पाहावे. नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीत तेथे मजूर पक्षाने ४२ पैकी ३९ जागा जिंकल्या. १९१८ च्या कायद्याने मताधिकार विस्तारला होता; गरिबांसाठीची सार्वजनिक मदत घेणाऱ्याचे मत हिरावून घेणारी जुनी तरतूदही त्याच कायद्याने गेली होती. महापौरपदी जॉर्ज लॅन्सबरी आले.

निवडून येताच आश्वासने विसरण्याची रीत सर्वत्र आहे. पॉपलरकरांनी ती पाळली नाही. १९२० मध्ये पालिकेच्या नोकरांना आठवड्यास किमान ४ पौंड वेतन, आणि तेही स्त्री-पुरुषांस समान, देण्याचे ठरले.

खरा पेच कररचनेचा होता. स्थानिक कर मालमत्तेच्या भाडेमूल्यावर बसे आणि बेकारांच्या मदतीचा बोजा बव्हंशी ज्या त्या बरोने उचलावयाचा असे. बेकारी गोदीत, मालमत्ता वेस्टमिन्स्टरमध्ये! कराचा दर एका पेनीने वाढविला तर वेस्टमिन्स्टरच्या तिजोरीत पॉपलरच्या कित्येक पट भर पडे. म्हणजे गरिबांनीच चढा कर भरून गरिबांना पोसावयाचे. शिवाय लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ इत्यादींचा हिस्साही गोळा करून द्यावयाचा. मार्च १९२१ मध्ये पॉपलरने हा हिस्सा वसूल करण्यास नकार दिला.

न्यायालयाच्या अवमानाबद्दल सप्टेंबरमध्ये ३० नगरसेवक तुरुंगात गेले. पुरुष ब्रिक्स्टनला, स्त्रिया हॉलोवेला. पालिकेच्या सभा ब्रिक्स्टनच्या तुरुंगातच भरू लागल्या आणि स्त्री-सभासदांना हॉलोवेहून तेथे आणले जाऊ लागले. पक्षातील सावध मंडळींना हे रुचले नाही. हॅकनेचे हर्बर्ट मॉरिसन त्यांत ठळक. अशी मंडळी कोणत्या पक्षात नसतात? तथापि स्टेपनी व बेथनल ग्रीन या शेजारी बरोंनी त्याच वाटेने जाण्याचे ठरविले, तेव्हा सरकार नमले. सुमारे सहा आठवड्यांनी सुटका झाली आणि त्याच वर्षीच्या कायद्याने गरिबांच्या मदतीचा बराच खर्च साऱ्या लंडनवर वाटला गेला.

किंमतही द्यावी लागली. तुरुंगात गेलेल्या मिनी लॅन्सबरी १ जानेवारी १९२२ रोजी न्यूमोनियाने, अवघ्या बत्तिशीत वारल्या. ४ पौंडांचे वेतन तर १९२५ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने बेकायदा ठरविले. स्त्रियांना समान मजुरी ही त्या न्यायमूर्तींना उधळपट्टीच वाटली. परंतु मतदारांचा निवाडा त्याआधीच झाला होता. नोव्हेंबर १९२२ च्या निवडणुकीत लंडनमधील अनेक बरो मजूर पक्षाच्या हातून गेले. पॉपलर गेले नाही.