कानाडोळा: माझ्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. कानात इअरफोन असतील तर डाव्या कानातला काढा आणि पुढचे दोन मिनिटं फक्त उजव्या कानाने ऐका.

काढला? थोडं विचित्र वाटत असेल. ऐकू येतंय, समजतंय, पण एक बाजू रिकामी. मी जवळजवळ सतरा वर्षं असाच ऐकत होतो. आणि गंमत म्हणजे, मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आजचा विषय आहे कानाचा पडदा. तो फाटला तर काय होतं आणि तो शिवतात कसा. म्हणजे शिवत नाहीत, ठिगळ लावतात, पण ते पुढे सांगतो. मी डॉक्टर नाही, बीटेक करून पुण्यात कोड लिहिणारा माणूस आहे. जे सांगणार आहे ते स्वतः भोगलेलं आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून समजून घेतलेलं.

आमचं गाव मिरजेजवळ. लहानपणी आम्ही विहिरीत आणि नदीत पडीक. दहा वर्षांचा असताना मोठी सर्दी झाली, कान रात्रभर ठणकला, आणि सकाळी उशीवर पिवळा डाग. आजी म्हणाली, "कान फुटला पोराचा." आपल्याकडे हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. आत पू साठतो, दाब वाढतो, पडद्याला भोक पडतं आणि कान वाहायला लागतो. भोक पडलं की ठणका थांबतो, म्हणून घरात सगळ्यांना वाटतं, बरं झालं. डॉक्टरांनी थेंब दिले, वाहणं थांबलं, विषय संपला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वाहिला. त्याच्या पुढच्याही.

शाळेत बाई म्हणायच्या, "याचं लक्षच नसतं." मी भिंतीच्या कडेला, डावा कान भिंतीकडे करून बसायला शिकलो. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला पुन्हा कान वाहिला, तेव्हा एका कान-नाक-घसा डॉक्टरांनी नीट बघून सांगितलं, "पडद्याला मधोमध भोक आहे, कान कोरडा झाला की ऑपरेशन करून घे." मी घरी फोन करून काय सांगितलं? "सगळं ठीक आहे, थेंब दिलेत." बाबांनी तेव्हा फीसाठी कर्ज काढलं होतं. आणि खरं सांगायचं तर मी घाबरलोही होतो.

पुढे नोकरी लागली. फोनमध्ये 'मोनो ऑडिओ' नावाचं सेटिंग असतं, ॲक्सेसिबिलिटीमध्ये शोधा. त्याने दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होतो आणि एकाच कानाने सगळं ऐकता येतं. ते मी कायम चालू ठेवलं होतं. मीटिंगमध्ये टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची पकडायचो, म्हणजे सगळे उजवीकडे. न कळलेल्या विनोदाला इतरांच्या मागोमाग हसायचो. आणि एक सुख होतं: रूममेट घोरायला लागला की उजवा कान उशीत दाबायचा. जग म्यूट. मी हे मित्रांना अभिमानाने सांगायचो.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठलो तर फोनवर आईचे अकरा मिस्ड कॉल. रात्री दोन ते साडेतीन. बाबांच्या पोटात भयंकर कळ आली होती. आईला वाटलं, हार्टचं काहीतरी आहे. शेजारच्या काकांनी गाडी काढून दवाखान्यात नेलं. मुतखडा निघाला, सगळं निभावलं. फोन माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता. आवाज चालू होता. मी उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत घालून झोपलो होतो.

आई एवढंच म्हणाली, "दमून झोपला असशील, म्हणून मग नाही केला परत." रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

आता दुसरा इअरफोन घातला तरी चालेल.

डॉक्टरांनी पहिल्यांदा एक साधी गोष्ट केली. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे तो दोन काट्यांचा चिमटा, वाजवून माझ्या कपाळावर मधोमध टेकवला आणि विचारलं, "आवाज कुठे येतोय?" मी म्हणालो, "डावीकडे." म्हणजे बिघडलेल्या कानात! मला वाटलं, मीच काहीतरी चुकतोय. डॉक्टर मात्र खूश झाले.

हे तुम्ही आत्ता करून बघू शकता. एका कानात बोट घाला आणि तोंड बंद ठेवून 'म्म्म' असा आवाज काढा. आवाज बंद केलेल्या कानात मोठा येतो की नाही? कारण हा आवाज कवटीच्या हाडातून कानात पोचतो, आणि बंद केलेल्या कानातून तो बाहेर निसटू शकत नाही. माझ्या बाबतीत याचा अर्थ असा की नस ठीक आहे, बिघाड आवाज आत पोचवणाऱ्या भागात आहे. आमच्या भाषेत, सर्व्हर चालू आहे, वायर तुटली आहे. आणि वायर दुरुस्त होऊ शकते.

मग साउंडप्रूफ खोलीत ऑडिओमेट्री झाली. आधी हेडफोन लावून, मग कानामागच्या हाडावर कंप देणारं छोटं यंत्र लावून. हाडातून मला १० डेसिबलला ऐकू येत होतं, म्हणजे नॉर्मल. हवेतून मात्र ४२ डेसिबल लागत होते. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे ऑपरेशनने जास्तीत जास्त किती परत मिळू शकतं, त्याचा अंदाज.

पण एका छोट्या भोकाने एवढा फरक का पडतो? आतल्या कानात द्रव असतो. हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर जवळजवळ सगळा परत फिरतो. विहिरीत डुबकी मारल्यावर काठावरच्या पोरांचा आरडाओरडा ऐकू येत नाही ना, तेच. म्हणून मध्ये पडदा आणि शाळेत शिकलेली तीन हाडं: हातोडी, ऐरण, रिकीब. पडदा शर्टाच्या बटणाएवढा, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. त्याचा कामाचा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, आणि रिकीब जिथे टेकते ती खिडकी फक्त ३.२ चौरस मिलिमीटर. मोठ्या जागेवरचा दाब छोट्या जागेवर येतो, सुमारे १७ पट होऊन. ड्रॉइंग पिनसारखं. वरचा चपटा भाग अंगठ्याने दाबला की खालचं टोक भिंतीत घुसतं. पडद्याला भोक पडलं की दाब निसटतो.

मग सतरा वर्षांत ते भोक आपोआप का नाही भरलं? खरं तर बरीचशी ताजी भोकं भरतात. कानाखाली बसली, क्रिकेटचा बॉल लागला, अशाने पडदा फाटला तर तो बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत आपला आपण जुळतो, फक्त कान कोरडा ठेवायचा आणि डॉक्टरांना दाखवत राहायचं. पण भोक जुनं झालं, पुन्हा पुन्हा पू झाला, की बाहेरची त्वचा आणि आतलं अस्तर भोकाच्या कडेवर एकमेकांना येऊन मिळतात. शरीराच्या लेखी जखम भरली, तिकीट क्लोज. भोक तसंच राहतं.

ऑपरेशनचं तत्त्व इथेच आहे. या ऑपरेशनला टिंपॅनोप्लास्टी म्हणतात. डॉक्टर आधी भोकाची जुनी कड खरवडून काढतात, जखम मुद्दाम ताजी करतात. तिकीट रीओपन! मग खालून ठिगळ ठेवतात. हे ठिगळ माझ्याच अंगातलं. कानशिलावर हात ठेवून दात आवळा, एक स्नायू हलतो बघा. त्या स्नायूवर पांढरं पातळ आवरण असतं, त्यातला छोटा तुकडा काढून वाळवतात. वाळला की तो बटर पेपरसारखा दिसतो. तो पडद्याच्या आतल्या बाजूने सरकवतात आणि त्याला टेकू म्हणून जिलेटिनचा स्पंज ठेवतात, जो नंतर विरघळतो. त्या ठिगळावरून पडद्याच्या पेशी सरकत जातात आणि भोक बुजतं. काही जणांना कानाच्या पुढच्या टोपीतली कूर्चा लावतात, ती जास्त टणक असते.

लोकांनी यासाठी काय काय केलंय! १८५३ मध्ये लंडनच्या टॉयनबी नावाच्या डॉक्टरांनी रबराची चकती चांदीच्या तारेला लावून कानात बसवायची युक्ती काढली होती. आजच्या पद्धतीचा पाया जर्मनीत १९५० च्या दशकात वुलस्टाइन आणि झोलनर यांनी घातला, ऑपरेशनला मायक्रोस्कोप मिळाल्यानंतर. सुरुवातीला त्वचेचा तुकडा लावायचे, स्नायूचं आवरण वापरायला लागले ते त्यानंतर.

माझं ऑपरेशन गेल्या नोव्हेंबरात झालं. भूल फक्त कानापुरती, सोबत गुंगीचं औषध. कानाभोवतीची इंजेक्शनं दुखली, खोटं नाही बोलणार. नंतर दुखलं नाही, पण आवाज! कानात काम चाललंय म्हटल्यावर खरवडण्याचा आवाज डोक्यात घुमतो आणि सक्शन म्हणजे कुकरची शिट्टी. साधारण दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी डोक्याला भलंमोठं बँडेज बांधून घरी. इन्शुरन्समध्ये बसलं. तुमच्याकडे इन्शुरन्स नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात आणि सरकारी योजनांत जरूर चौकशी करा.

पहिले काही आठवडे ऐकायला आधीपेक्षा कमी येतं, कारण कान आत भरलेला असतो. हे मला आधी सांगितलं होतं म्हणून मी घाबरलो नाही. पथ्यं अशी: नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, नाहीतर हवेचा दाब मागून येऊन ठिगळ उडवतो. कानात पाणी नाही. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. वजन उचलायचं नाही, विमान नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. आणि एक अजब प्रकार: दोन महिने जिभेच्या डाव्या बाजूला चहा लोखंडासारखा लागायचा. चवीची एक बारीक नस पडद्याच्या अगदी मागून जाते, तिला धक्का लागू शकतो. बहुतेकांचं पुन्हा ठीक होतं, माझं झालं.

तीन महिन्यांनी पुन्हा ऑडिओमेट्री. ४२ वरून २२. पूर्ण नॉर्मल नाही. भोक बुजलंय, पण इतक्या वर्षांत हाडांची हालचाल थोडी आखडली असावी, असं डॉक्टर म्हणाले. हे स्पष्ट सांगतोय, कारण अनेकांना वाटतं की ऑपरेशन झालं म्हणजे कान नवा. बहुतेकांचं ठिगळ धरतं, पण काहींचं धरत नाही, पुन्हा करावं लागतं. कधी भोक बुजतं पण ऐकण्यात फार फरक पडत नाही. तरी कान वाहायचा थांबतो, तो फायदाही मोठा आहे. आणि छोटं, कोरडं भोक असेल, ऐकू नीट येत असेल, तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवूया असंही म्हणतात. ऑपरेशनच्या आधी सरळ विचारा: "माझ्या बाबतीत काय मिळेल आणि काय मिळणार नाही?"

एक गोष्ट मात्र लांबवू नका. कानातून घाण वास येणारा पू, चक्कर, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यामागे हाड कुरतडणारा आजार असू शकतो.

शेवटचं. ऑपरेशनच्या आधी मी आईला सगळं सांगितलं. अकरा कॉल, उशी, बीटेकला असताना मारलेली थाप. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आम्ही लसणीचं तेल घालायचो रे कानात. त्याने झालं का?"

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, भोक पडलं ते आतल्या पुवाने, तेलाने नाही. पण भोक असलेल्या कानात तेल घालू नये, ते आत जातं आणि त्रास वाढवू शकतं. मी आईला दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. आता आमच्या गल्लीत कुणाच्या पोराचा कान दुखला की आईच तेलाची वाटी बाजूला ठेवायला लावते.

भोकाची अडचण हीच आहे की ते दुखत नाही. आपण खुर्ची बदलतो, कूस बदलतो, सेटिंग बदलतो आणि त्याला जमवून घेतलं म्हणतो. मराठीत त्याला कानाडोळा म्हणतात. तुमच्यापैकी कुणाचा कान दर पावसाळ्यात वाहत असेल, किंवा फोन नेहमी एकाच कानाला लावत असाल, तर एकदा दाखवून या. आणि घरी खरं सांगा.

मी अजूनही उजव्या कुशीवरच झोपतो, सवय जात नाही. पण परवा सकाळी सहाला आईचा फोन आला आणि पहिल्याच रिंगला जाग आली. काही नव्हतं, चुकून लागला होता.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.