रिसेसमधला खो-खो

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती व्हायची आहे, त्यामुळे फार वेळ घेत नाही. आम्ही चौघं एकाच मराठी शाळेत शिकलेलो. दोघं डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो, एक बँकेत आहे, एकाचं दुकान आहे. चौघांनी मिळून लिहिलेलं एकजण वाचतोय, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ येईल.

आपलं बडोदं तालमींचं गाव. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव इथे कोणाला सांगायला नको. हुतुतू, खो-खो नियमात बांधले जात होते, तेव्हा आपल्या हिंद विजय जिमखान्याचाही त्यात वाटा होता. पण आम्ही खो-खो शिकलो तो तालमीत नाही, रिसेसमध्ये. पुण्या-मुंबईचे पाहुणे मधली सुट्टी म्हणतात, आपल्याकडे रिसेसच. डबा पाच मिनिटांत संपवायचा आणि पळायचं. नववीची मुलं पाचवीच्या मुलांना खेळात घ्यायची, चुकलो की टपली मारायची, आणि घरी जाताना रस्ताही ओलांडून द्यायची. याला काही नाव असतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

एकदा सहज शाळेत गेलो. अर्ध्या मैदानात स्कूटर लावलेल्या, खो-खोचा एकच खांब उरलेला, तोही कलता. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आमची कार्यालयं बंद असतात आणि शाळा सकाळची असते. म्हणून ठरवलं, त्या दोन शनिवारी रिसेसला जायचं. बँकवाल्यालाही तीच सुट्टी. दुकानदार मुलाला गल्ल्यावर बसवून येतो. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आणि मंडळाने दोन खांब करून दिले, त्याबद्दल आभार.

पहिल्या वर्षी आम्ही चूकच केली. उत्साहात चपळ पोरं निवडली आणि खेल महाकुंभासाठी संघ बांधला. पहिल्याच फेरीत हरलो, त्याचं काही नाही. पण दिवाळीनंतर नववीतली एक मुलगी येऊन म्हणाली, “काका, तुम्ही यायला लागल्यापासून रिसेसमध्ये आम्ही खेळतच नाही.” वळून पाहिलं. बारा जणं मैदानात आणि बाकी सगळी शाळा पायऱ्यांवर डबा घेऊन बसलेली! तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. पण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

तिनेच सुचवलं की संघ नको, जोड्या करा. खो-खोत आठ जण पाटीवर आलटून पालटून विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात, नववा पळतो. आम्ही एक मोठा, एक लहान असं बसवायला लागलो. पळणाऱ्याला मागे फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून घुसता येत नाही. गडी समोर निसटत असला तर जवळ बसलेल्याला खो द्यावाच लागतो, मग तो सहावीतला का असेना. क्रिकेटमध्ये कच्च्या पोराला सीमारेषेवर उभं करून विसरता येतं; इथे ती सोय नाही.

त्या मुलीच्या जोडीला सहावीतला एक मुलगा आला. वडील खानदेशातून कामासाठी आलेले, घरात अहिराणी. वर्गात त्याच्या बोलण्याला हसत, म्हणून त्याने बोलणंच सोडलेलं. खो मोठ्याने म्हणावा लागतो. याचा ऐकूच येईना. दर वेळी फाऊल. मोठी मुलं वैतागली. ती मात्र त्याला मैदानाच्या एका टोकाला उभं करी, स्वतः दुसऱ्या टोकाला जाई आणि ओरडायला लावी. आम्ही दोन शनिवारांतच येणारे. ती रोज करत होती. दीडेक महिन्याने त्याचा खो शिक्षकांच्या खोलीत ऐकू गेला. बाई बाहेर आल्या, काय झालं म्हणून.

मग एकदा तो चार दिवस आला नाही. हजेरीपटावर नुसती खूण होते. पाटीवर जागा रिकामी राहते. तिने सरांना सांगितलं, सर घरी गेले. आई आजारी होती आणि हा धाकट्या बहिणीला सांभाळत होता. शेजारच्या मावशींनी दुपारपर्यंत बाळ बघायचं कबूल केलं, तेव्हा तो परत आला. सर चांगलेच आहेत, पण मुलं बरीच, सर एक. पोरगा अजून गणितात कच्चा आहे. ती आता दहावीत आहे, तरी शनिवारी त्याची वही बघते.

आता थोडं अवघड बोलतो. आमची मुलं या शाळेत नाहीत. चौघांचीही इंग्रजी माध्यमात आहेत, आणि समोर बसलेल्या बहुतेकांची तशीच असणार. आज ही शाळा बाहेरून नव्याने आलेल्या कुटुंबांच्या मुलांवर चालते, आणि आपण इथे मराठीच्या नावाने सभागृह भरवतो. यावर उत्तर आमच्याकडे नाही. गेल्या हिवाळ्यात शनिवारची सुट्टी असलेल्या आमच्या मुलांना बरोबर नेलं. त्यांना पाटीवर नीट बसताही येईना. उकिडवं बसायची सवयच नाही. त्याच अहिराणी बोलणाऱ्या मुलाने त्यांना बसवलं, आणि आमच्याहून चांगलं शिकवलं.

दहावीची परीक्षा झाली की ती मुलगी शाळेतून जाईल. तिच्या जागी कोण, हा प्रश्न आहे. आठवीतल्या दोघींना ती तयार करते आहे. शिवाय रिसेस दहा मिनिटांनी कमी करायचं घाटतं आहे असं कानावर आलं. तसं झालं तर डबा आणि खेळ दोन्ही बसणार नाहीत. पालक म्हणून नाही, निदान माजी विद्यार्थी म्हणून शाळेला भेटायला आमच्याबरोबर कोणी याल का?

पुढचा दुसरा शनिवार, सकाळी साडेनऊ, शाळेचं मागचं फाटक. स्कूटर मात्र बाहेर लावा.