बिल्ला छातीवर, दावण मात्र रिकामी

(सह्याद्रीच्या कुशीतील डांगी गोपालकांच्या एका संघाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी पशुवैद्यक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि तीस वर्षे वृत्तपत्रात शब्दांची शेती केली आहे. गाईच्या माजाबद्दल किंवा चाऱ्याबद्दल तुम्हाला शिकवावे असे माझ्याजवळ काही नाही. मग या व्यासपीठावर का उभा राहिलो? एक जुने ऋण फेडायचे आहे म्हणून.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका जनावरांच्या प्रदर्शनाचे वार्तांकन करायला गेलो होतो. एका वृद्ध गोपालकाच्या डांगी वळूला पहिला क्रमांक मिळाला. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, भरदार वशिंड, काळे कणखर खूर. गुलाल उधळला गेला, बिल्ला लागला, छायाचित्र निघाले. मी चार स्तंभांचे कौतुक लिहिले आणि विसरून गेलो. दोन वर्षांनी त्याच वाटेने जाताना बाबांच्या घरी थांबलो. बिल्ला देवळीत ठेवलेला होता. दावण रिकामी होती. मुलगा शहरात कामाला गेला, उन्हाळ्यात चारा संपला आणि वळू बाजारात गेला. कोणी नेला, कुठे नेला, कशासाठी नेला, ठाऊक नाही. बाबा शांतपणे म्हणाले, "सायेब, हार घालायला समदे आले. पेंढा घालायला कुनी आलं न्हाई."

बाबा त्यांच्या भागातील अशाच एका संघाचे सभासद होते. त्या दोन वर्षांत संघाकडून त्यांना एकच गोष्ट मिळाली होती : वर्गणी थकल्याचे पत्र. आणि माझ्याकडून मिळाले होते वर्तमानपत्राचे एक कात्रण. दोन्ही कागदच! म्हणून आज मी टीकाकार म्हणून नव्हे, तर सहअपराधी म्हणून बोलतो आहे.

डांगीचे मोल मी तुम्हाला काय सांगणार! अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वरपासून डांगच्या जंगलापर्यंत जिथे पाऊस आठवडा-आठवडा उघडत नाही, तिथे हा वंश घडला. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही. भाताच्या चिखलात आणि कातळाच्या उतारावर त्याचा खूर टिकतो. दूध म्हणाल तर वेताला साधारण पाचशे लिटरच्या आसपास, म्हणजे संकरित गाईच्या तुलनेत फारच थोडे. येथेच अडचण सुरू होते. ज्या काळात गाईची किंमत केवळ दुधाच्या मापाने ठरू लागली आणि बैलाची जागा छोट्या यंत्राने घेतली, त्या काळात हा वंश हिशेबाच्या वहीत मागे पडला. २०१९ च्या पशुगणनेत देशातील एकूण गोवंश सुमारे १९ कोटी २५ लक्ष भरला. आधीच्या गणनेपेक्षा तो किंचित वाढलेला होता. पण त्यातील देशी गोवंश मात्र सुमारे सहा टक्क्यांनी घटला होता. गोठे भरलेले दिसतात आणि वंश मात्र ओसरत असतो, असा हा काळ आहे.

यावर कायदा काय करतो? महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी केली. २०१५ मध्ये तिची व्याप्ती बैल आणि वळूपर्यंत नेण्यात आली. २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिनी ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. आपल्यापैकी अनेकांनी यासाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे आणि त्याचा आनंद स्वाभाविक आहे. परंतु एक सत्य आपण घरातल्या घरात तरी बोलले पाहिजे. कायद्याने जनावर वाचते. वंश वाचतो तो गोपालकाचा संसार चालला तरच. गोशाळेतील गाय ही बहुधा आयुष्याच्या उतारावर आलेली असते. पुढची पिढी जन्माला येते ती तुमच्या गोठ्यात. कामातून गेलेला बैल उभा सांभाळण्याचा खर्च शेवटी ज्याच्या दावणीला तो बांधलेला आहे त्यालाच सोसावा लागतो. तो गोपालक पुढच्या वर्षी खोंड ठेवायचा की नाही, याचा निर्णय भाषण ऐकून घेत नाही, कणगी पाहून घेतो. तेव्हा प्रश्न असा आहे, की संघ त्याच्या कणगीजवळ कधी पोहोचणार?

आता संघाच्या कामाविषयी पाच गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट नोंदवहीची. जगातील पहिली गोवंश-नोंदवही १८२२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज कोट्स यांनी शॉर्टहॉर्न गुरांसाठी प्रसिद्ध केली. आपल्याकडून ब्राझीलला गेलेले गीर, ओंगोल आणि कांकरेज तेथे नावारूपाला आले, त्यामागे उबेराबा येथील पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या वंशनोंदींचा मोठा वाटा आहे. आपली गुरे साता समुद्रापार वैभवाला चढली आणि आपण मात्र आई कोण, बाप कोण हे विसरून बसलो! आज सरकारी योजनेत जनावराच्या कानाला बारा अंकी बिल्ला लागतो. त्या क्रमांकाच्या आधारे संघाने स्वतःची वही ठेवावी : जन्मतारीख, आई, बाप, रंग, वेत, विक्री. ज्या गाईचे मायबाप ठाऊक नाहीत, पण जी लक्षणांनी डांगी आहे, तिला 'मूळ नोंद' म्हणून आत घ्यावे, दारातून परत पाठवू नये. मात्र ही वही सभासदासाठी हवी. वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाला त्याच्या जनावरांच्या नोंदीचा उतारा मिळाला पाहिजे. ज्या वहीतून सभासदाला काही परत मिळत नाही, ती वही तो भरत नाही.

दुसरी गोष्ट वळूची, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. आपण गाई मोजतो, वळू मोजत नाही. शंभर गाई आणि एकच वळू असेल, तर वंशाच्या विविधतेच्या दृष्टीने तो कळप जेमतेम चार जनावरांइतकाच भरतो. त्याच शंभर गाईंमागे दहा निरनिराळ्या घरचे वळू असतील, तर तोच कळप छत्तीस जनावरांच्या मोलाचा होतो. हे शास्त्राचे साधे गणित आहे. एकाच वळूच्या कालवडी त्याच वळूखाली गेल्या, की पुढे अशक्त वासरे आणि गाभण न राहणाऱ्या गाई हे ठरलेले. आणि आपल्याकडे होते काय? उत्तम खोंड नांगराला हवा म्हणून लवकर खच्ची होतो, किंवा चांगला भाव आला म्हणून विकला जातो. उरलेला पैदाशीला राहतो! संघाने दरवर्षी चार-पाच खोंड निवडावेत, ज्याच्याकडे आहेत त्यालाच सांभाळायला ठेवावेत, आणि चाऱ्यासाठी त्याला मासिक मानधन द्यावे. दर दोन-तीन वर्षांनी, म्हणजे पहिल्या कालवडी फळायला येण्यापूर्वी, वळू एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात फिरवावा. माझ्या त्या बाबांना एवढा आधार मिळाला असता, तर ती दावण रिकामी झाली नसती.

तिसरी गोष्ट वेळेवर मिळणाऱ्या सेवेची. गाईचा माज तासांचा असतो आणि हुकला की तीन आठवडे थांबावे लागते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन व्हायला हवे, हे तुम्ही जाणता. पण वाडीवरून निरोप जाऊन माणूस येईपर्यंत वेळ टळते, आणि आला तरी त्याच्याजवळ डांगी वळूची रेतमात्रा नसते. जी असते तीच भरली जाते आणि एका दुपारीत चार पिढ्यांची शुद्धता संपते. यात त्या कर्मचाऱ्याचा दोष थोडा आहे. मागणी आगाऊ नोंदवणारे कोणी नाही, हे खरे कारण आहे. कोणत्या वाडीत किती गाई या मोसमात फळवायच्या आहेत याची यादी संघाने आधी करावी आणि त्या हिशेबाने मात्रा मागवाव्यात. वाडीतील एक-दोन तरुणांना, आणि आग्रहाने सांगतो, तरुणींनाही, या कामाचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा लस कुठे, कधी आणि कोणाला हा निरोप पोहोचणे किती महत्त्वाचे असते, हे आपण सर्वांनी पाहिले. तो निरोप पोहोचवण्याची व्यवस्था साथ येण्याआधी उभी असायला हवी.

चौथी गोष्ट बाजाराची. प्रदर्शनात सर्वांत देखण्या जनावराला बक्षीस देणे चांगलेच. पण त्याच मैदानावर सलग पाच वेते झालेल्या गाईला, तीन पिढ्यांची नोंद असलेल्या कालवडीला आणि दहा वर्षे वळू सांभाळणाऱ्या घराला बक्षीस का नसावे? जे गौरवाल तेच वाढेल. ज्याला कालवड विकायची आहे आणि ज्याला घ्यायची आहे, त्या दोघांची गाठ संघाने घालून द्यावी, म्हणजे चांगले जनावर दलालाच्या हाती पडून वंशाबाहेर जाणार नाही. सभासदाने विकण्यापूर्वी पंधरा दिवस संघाला कळवावे, एवढा साधा नियम पुरेसा आहे.

पाचवी गोष्ट थोडी कटू आहे, पाहुणा म्हणून आधीच क्षमा मागतो. संघ कोणाचा? मंचावरच्या खुर्च्यांकडे पाहतो तेव्हा बरेच जण शहरात राहणारे दिसतात. त्यांची तळमळ खरी आहे, त्यांच्या देणग्यांवर संघ चालतो, हेही खरे. पण पावसात गुरांमागे जाणारा महादेव कोळी, ठाकर, कानडी समाजातील माणूस कार्यकारिणीत किती? आणि ज्या माउलीच्या हातून रोजचे शेण, पाणी, धार होते, तिचे नाव सभासदांच्या यादीत आहे काय? यादीत बहुधा तिच्या पतीचे नाव असते. हिशेब तर सार्वजनिक न्यासाच्या कायद्यानुसार ठेवावेच लागतात. पण ते धर्मादाय कार्यालयात देणे निराळे आणि सभासदासमोर सोप्या मराठीत वाचून दाखवणे निराळे. सभा शहरात घेऊ नका, एखाद्या वाडीत घ्या. आणि सभेचा पहिला तास सभासदांनी बोलावे, पदाधिकाऱ्यांनी ऐकावे.

हे सारे एकदम होणार नाही, याची मला कल्पना आहे. पैसा थोडा, माणसे थोडी. मग यंदा एकच गोष्ट करा : दोन खोंड निवडा आणि ते सांभाळणाऱ्या दोन घरांना वर्षभर चाऱ्याचा आधार द्या. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, शासनाचा आदेश लागत नाही. आज या सभेत हार, शाली आणि भोजन यांवर जो खर्च झाला, त्यात कदाचित एका खोंडाचा उन्हाळा निघाला असता. माझी शाल मी इथेच परत करतो, तिचे मोल त्या खात्यात पहिली रक्कम म्हणून जमा करावे, ही विनंती.

आपण गाईला माता म्हणतो. मातेच्या बाबतीत मुलाची परीक्षा सणाच्या दिवशी होत नाही, आजारपणाच्या रात्री होते. संघाचेही तसेच आहे. पुढच्या वर्षी अहवाल वाचताना किती कार्यक्रम झाले हे शेवटी सांगा. आधी सांगा की सभासदांच्या गोठ्यात किती डांगी वासरे जन्मली, त्यांतील किती जगली आणि किती दावणी रिकाम्या होता-होता वाचल्या.

ते बाबा आज हयात नाहीत. त्यांचा बिल्ला मात्र त्या देवळीत अजून आहे. पुढच्या वेळी त्या वाटेने जाईन तेव्हा बिल्ल्याखालची दावण भरलेली दिसावी, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि थांबतो.