एका दांडगटाची गोष्ट



पोटाचा डॉक्टर आहे, तेव्हा पोटाचंच बोलतो.

आपल्या गणिताच्या सरांना अल्सर होता, आठवतंय ना? फळ्यावर लिहिता लिहिता ते थांबायचे आणि पोट दाबून धरायचे. "हे तुमच्या दंग्यामुळे," असं म्हणायचे. दहावीच्या वर्षी त्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा आपण सगळेच मनातून खजील झालो होतो. त्या काळी डॉक्टरही ताण, तिखट आणि चहा हीच कारणं सांगत.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातला एक नागमोडी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा जास्त दिवस तशाच राहिल्या, म्हणून तो वाढला! लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच तो जिवाणू प्यायले आणि जठराला सूज आणून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जिवाणू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी.

तो युरियापासून अमोनिया तयार करून आपल्याभोवतीचं आम्ल बोथट करतो. जठरात इतर जिवाणूही असतात, पण हा शिरला की बहुतेक जागा त्याचीच. वर्गात एकाच दांडगटाचा आवाज ऐकू यावा, तसं. औषधांनी तो गेला की बाकीचे पुन्हा दिसू लागतात आणि जठरातली वस्ती निरोगी माणसाच्या वळणावर येऊ लागते. मात्र वर्षानुवर्षांच्या सुजेनं आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथीच झिजल्या असतील, तर घडी पूर्ववत बसत नाही. म्हणून उशीर नको.

या उपचाराची दुसरी बाजूही आहे. अँटिबायोटिक्स आतड्यातही पोचतात. एकाच्या खोडीपायी सगळ्या वर्गाला छड्या! जुलाब होतात, तोंड कडू पडतं. आतड्यातली वस्ती काही आठवड्यांत-महिन्यांत बरीचशी सावरते.

म्हणून तीन विनंत्या. रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनी एकदा तपासून घ्या. १९९४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या जिवाणूला कर्करोगकारक ठरवलं आहे. औषधं मनानं घेऊ नका. आणि सुरू केलीत, तर सांगितलेले दिवस, बहुधा १४, पूर्ण करा. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलीत, तर उरलेला जिवाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. मग दुसरा कोर्स, आणि निरपराधांना पुन्हा छड्या. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून तो गेल्याची खात्री करा.

सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात, म्हणून सांगतो. तुमचा अल्सर बहुधा आमच्यामुळे नव्हता. दंगा मात्र खरा होता. त्याची माफी सगळ्या वर्गातर्फे आज मागतो.