काचघराचा पंखा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुम्ही 2022 साली धाकट्या जाऊच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलात, तेव्हा तिकडचे काही सांगा." तिकडची दुकाने नि रस्ते यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. मी परसातल्या एका पंख्याविषयी बोलणार आहे. शिक्षण माझे सातवीपर्यंतचे. जेवढे डोळ्यांनी पाहिले नि समजले, तेवढेच सांगते.

माझे धाकटे दीर कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराजवळ राहतात. तो मुलूख मैलभर उंचीवरचा. हिवाळ्यात दिवसा लख्ख ऊन आणि रात्री बादलीतले पाणी दगड होईल अशी थंडी. जाऊने परसात काचघर केले आहे. पत्रे जाड पारदर्शक प्लॅस्टिकचे, पण नाव आपले काचघरच. आत लिंबू, गवती चहा आणि बियांपासून पाच वर्षे वाढविलेला कढीपत्ता. त्या कढीपत्त्यावर तिचा जीव. थंडी बाधली की तो मान टाकतो.

या काचघराच्या जमिनीत दोन ते चार फूट खोल भोकाभोकांचे नळ पुरलेले आहेत. दुपारी छपराशी हवा तापते, ती पंखा ओढून नळांतून फिरवतो. माती ऊब घेते आणि गार झालेली हवा वर येते. रात्री तोच पंखा थंड हवा खाली नेतो, तेव्हा माती ती ऊब परत देते. झाडांच्या श्वासाने हवा दमट असते. ती गार नळात गेली की, आमटीच्या झाकणाला धरतात तसे थेंब धरतात, आणि वाफेतली ऊबही मातीला मिळते. एक लिटर पाणी असे धरले की सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी ऊब! त्याच राज्यात बेसॉल्ट गावाजवळ, 7000 फुटांहून उंच जागी, जेरोम ओसेन्टोव्स्की नावाच्या गृहस्थांनी या युक्तीने अंजिरे पिकविली आहेत.

आता खरा प्रश्न पंख्याचा. भावजींचे म्हणणे, "दीडशे वॅटचा तर पंखा, चालू दे रात्रंदिवस!" म्हणजे दिवसाला साडेतीन युनिटांवर वीज, पण विजेचे राहू द्या. ढगाळ दिवशी हवा 18 अंश आणि माती 20 अंश असली, तर पंखा उलटे काम करतो. मातीची ऊब काढून वर देतो, नि ती छपरातून निघून जाते. म्हणून जाऊने एक काटा मातीत आणि एक छपराखाली ठेवला आहे. वरची हवा 27 अंशांच्या वर आणि मातीपेक्षा निदान पाच अंश गरम असेल, तरच दिवसा पंखा लागतो.

रात्रीचे गणित याहून नाजूक. आधी पंखा 15 अंशांवर लागावयाचा, म्हणजे दिवेलागणीलाच. झाडांना तेव्हा गरज नसते, पण मध्यरात्रीपर्यंत माती रिकामी. आणि खरी थंडी तर सूर्योदयाच्या आधी! म्हणून तिने तो आकडा 8 अंशांवर आणला. 8 ला लागावा, 10 ला थांबावा. मध्ये दोन अंशांची जागा नसेल तर पंखा सारखा लाग-बंद होतो आणि मोटार जळते.

21 डिसेंबरला, बुधवारी, संध्याकाळी डेन्व्हरचा पारा एका तासात वीस अंशांनी उतरला. पहाटेपर्यंत तो उणे 31 वर गेला. बाळ दोन आठवड्यांचे, जाऊ अंथरुणात; काटे वाचून तिला सांगणे माझ्याकडे. भावजींना पंखा पाच वाजताच लावावयाचा होता. जाऊ पडल्यापडल्या म्हणाली, "8 होऊ दे. माती 17 आहे, ती रात्रीला पुरवायची आहे." त्यांनी ऐकले, हे मला फार आवडले.

आठच्या सुमारास पंखा लागला तो थांबलाच नाही. मध्यरात्री आत 8 अंश, तीन वाजता 6. तेव्हा आम्ही विजेची शेगडी लावली आणि कढीपत्त्यावर गोधडी घातली. उणे 31 ला एकट्या मातीचे बळ पुरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण शेगडी तीन-चार तासच लागली. सकाळी आत 4 अंश होते आणि माती 12 वर होती.

आपल्याकडे निफाडच्या बाजूला थंडीत द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटवितात, तीही पहाट सांभाळण्याचीच धडपड.

कढीपत्त्याची शेंड्याची पाने गळली, खोड मात्र हिरवे राहिले. मी मार्चमध्ये निघाले तेव्हा बुंध्याशी तीन फुटवे होते. परवा जाऊचा फोन आला होता. या वर्षी तिने माती ऑगस्टपासूनच तापवावयास घेतली आहे, आणि मातीचा आकडा लिहिण्याचे काम भावजींकडे दिले आहे.