आठवीतली मुलं दहावीत किती?



दहावीचा निकाल लागला की शाळाशाळांचे टक्के मोजले जातात, आणि आमचा नागपूर विभाग राज्यात शेवटचा आल्याची बातमीही येते. फेब्रुवारी-मार्च २०२५च्या परीक्षेत कोकण ९८.८२ टक्के, नागपूर ९०.७८. वाचून वाईट वाटतं. पण या टक्क्यांवर किती विसंबायचं? २०१९मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा, सामाजिक शास्त्रं यांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते. राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला, नागपूर विभागाचा ६७.२७वर. पुढल्या वर्षी ते गुण परत मिळाले आणि राज्याचा निकाल थेट ९५.३०! पुस्तकं तीच होती, शिक्षक तेच होते.

मला काळजी आहे ती या टक्केवारीत न आलेल्या मुलांची. टक्के निघतात ते परीक्षेला बसलेल्यांवर. कच्च्या मुलाला नववीतच थांबवलं, किंवा ‘तू सतरा नंबरचा फॉर्म भर’ असं सांगून बाहेरून बसवलं, की शाळेच्या निकालातून तो गेला. निकाल राखण्याची ही रीत जुनी आहे, आणि ती मुलावर अन्याय करणारी आहे.

कन्हानमध्ये असं मूल कोण असतं? आपलं गाव कोळशाच्या खदानींचं, रामटेकला फाटा फुटणाऱ्या रेल्वे जंक्शनचं. कामासाठी दुरून आलेली कुटुंबं इथं राहिली. अनेक घरांत आजही हिंदी किंवा छत्तीसगढी बोलतात. अशा घरातलं मूल मराठी शाळेत बसतं तेव्हा त्याला विज्ञानाआधी विज्ञानाच्या पुस्तकाची मराठी शिकावी लागते. त्याला हवा असतो शिक्षकाचा जास्तीचा वेळ, आणि नेमका तोच आटत चालला आहे. ऐपत असलेले पालक मुलांना कामठी-नागपूरच्या इंग्रजी शाळांत घालतात. इथला पट घटतो, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरताना, पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो. उरलेल्यांच्या गळ्यात मतदार याद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. अशा स्थितीत नेटानं शिकवणारे शिक्षक आहेत. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

म्हणून पालकांना विनंती. येत्या पालकसभेत निकाल किती लागला एवढंच विचारू नका. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या हजेरीपटावर किती नावं होती आणि त्यांतली किती यंदा दहावीला बसली, हे विचारा. जी बसली नाहीत त्यांची यादी मागा, आणि त्यांच्या घरी जा.