बाळाचा श्वास मोजायला शिकूया

थंडी पडली की आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब बाजूला राहतो आणि एकच विषय निघतो. "याला सारखी सर्दी होते गं, याच्यात ताकदच नाही." कुणीतरी असं म्हणतं आणि बाळाची आई मान खाली घालते. म्हणून आज त्यावरच बोलते.

बाळ पोटात असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी द्रव्यं वारेतून बाळाकडे जातात. ही आईने बांधून दिलेली शिदोरी. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाची शिदोरी अपुरी राहते, म्हणून त्याला जास्त जपायचं. जन्मल्यावर पहिल्या पिवळसर चिकातून आणि पुढे अंगावरच्या दुधातून आणखी मिळतं. चीक पिळून टाकून मध चाटवणारी घरं अजून आहेत. वर्षाच्या आत मध नकोच.

ही शिदोरी हळूहळू सरते, सहाव्या महिन्यापर्यंत बरीचशी संपते. बाळाचं स्वतःचं शरीर तेव्हा लढायला शिकत असतं आणि प्रत्येक विषाणू त्याला नवा असतो. त्यामुळे लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं यात आईचा काही दोष नाही.

पण तान्ह्या बाळाच्या श्वासनळ्या फार बारीक असतात. आरएसव्ही नावाचा एक विषाणू आहे. मोठ्यांना त्याने बहुतेक वेळा नुसतं नाक गळतं. तोच बाळाच्या छातीत उतरला की नळ्या सुजतात, चिकट कफ भरतो आणि श्वास अडतो.

गेल्या पौषात आमच्या वस्तीवर हेच झालं. बाळ तीन महिन्यांचं. शाळेतून आलेल्या चुलतभावाची सर्दी त्याला लागली. आजीने दार लावून ओव्याची धुरी दिली, थोरल्याच्या औषधातलं उरलेलं पाजलं. ताप नव्हता, म्हणून कुणी घाबरलं नाही. मी झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. मिनिटाला अडुसष्ट श्वास. १०८ ला फोन केला. पाच दिवस दवाखान्यात, ऑक्सिजनवर. बाळ घरी आलं, पण त्याच्या आईने मला विचारलं, "ताई, माझं दूध कमी पडलं का?" दूध कमी पडलं नव्हतं गं. आपल्याला मोजायला उशीर झाला.

मोजायचं कसं? बाळ शांत किंवा झोपलेलं हवं, पीत किंवा रडत असताना नाही. झबलं वर करा, पोटाकडे बघा. पोट एकदा वर-खाली झालं की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त भरले, तर थांबू नका. खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर मोजतही बसू नका, निघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी दाखवायचं.

हे अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर दायांना एक साधन दिलं होतं. वाळूचं घड्याळ आणि मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्या बायकांनी न्यूमोनिया ओळखून दाखवला. आपल्याकडे तर मोबाईल आहे.

साध्या सर्दीत थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजा. नाकात तेल घालू नका, ते छातीत उतरतं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, उरलेली बाटली फेकून द्या. धुरी आणि चुलीचा धूर दोन्ही बाळापासून लांब. सव्वा महिना बाहेरच्यांना बाळंतिणीच्या खोलीत न येऊ देणाऱ्या आपल्या सासवा मात्र शहाण्या होत्या! सर्दी झालेल्याने बाळाचा पापा घ्यायचा नाही, हात धुवूनच उचलायचं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी चुकवू नका. त्या साध्या सर्दीच्या नाहीत, पण न्यूमोनियाच्या काही मोठ्या जंतूंपासून वाचवतात.

पुढच्या बैठकीला तान्ही बाळं घेऊनच या. सासूबाईंनाही आणा. झोपलेल्या बाळाचा श्वास प्रत्येकीने एकदा मोजायचा, मी घड्याळ आणते.